धुक्यातलं औषध

“औषध वगळून बघितलंस?” सुमंत सरांनी विचारलं.

काशीत, ब्रह्मा घाटाजवळच्या एका खोलीत सर अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. नजर पार गेली होती. आवाज तेवढा अजून प्रयोगशाळेतला होता. उशाशी बसलेली ऋता त्यांची शेवटची विद्यार्थिनी.

बऱ्याच वर्षांपूर्वी सरांनी कर्करोगातल्या एका प्रथिनाचे स्फटिक बनवले, त्यांवर क्ष-किरण सोडले आणि प्रथिनाच्या खाचेत आपलं औषध चपखल बसलेलं जगाला दाखवलं. त्या चित्राच्या भरवशावर रोग्यांवर चाचणी सुरू झाली. ती मध्येच बंद पडली. औषध लागू पडतं की नाही, ते कुणालाच कळलं नाही. उरलं फक्त चित्र.

पण क्ष-किरणांतून थेट चित्र मिळत नाही. मिळतं एक धुकं, आणि त्यात अणू बसवावे लागतात. ज्याला जे हवं, ते त्याला तिथे दिसतं. भलेभले इथेच फसतात. म्हणून कसोटी अशी, की औषध चित्रातून काढायचं आणि गणित नव्याने मांडायचं. ते खरंच तिथे असेल, तर त्याचा आकार आपसूक परत उमटतो. जुन्या मोजमापांवर आता एक नवी, फार बारकाईची पद्धत चालवता येते. ती चालवून बघ, असं सरांनीच ऋताला सांगितलं होतं.

तिने ती चालवली. खाचेत औषध नव्हतंच. पाण्याचे दोन-चार रेणू होते, बस्स. ऋता प्रयोगशाळेतच रडली.

काशीत मरणाऱ्याच्या मुखात गंगा घालतात. तिथे हा कडू घोट कुणी घालावा?

“बघितलं, सर,” ती म्हणाली. “औषध आहे. पहिल्यापेक्षाही साफ दिसतंय.”

“पक्कं ना, बेटा?”

“एकदम पक्कं.”

ऋताचा जीव भांड्यात पडला. खोटं तर खोटं, माणूस समाधानाने जाईल. मग तिचं सरांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. ते रडत होते, आणि ते रडणं आनंदाचं नव्हतं.

“नसावंच ते तिथे, अशी मी विश्वेश्वराला रोज विनवणी करत होतो,” सर म्हणाले. “आमच्या मृणालिनीला तोच कर्करोग होता. चाचणीच्या पहिल्या तुकडीत तिचं नाव होतं. आपल्याच बायकोला आधी दिलं तर लोक काय म्हणतील, म्हणून मीच ते काटलं. म्हटलं, दुसऱ्या तुकडीत घेऊ. दुसरी तुकडी निघालीच नाही. औषध खोटं असतं, तर ती तशीही गेली असती. पण खरं होतं ना ते? मग तिला मीच मारलं.”

“सर, ऐका…” ऋता कशीबशी म्हणाली आणि थांबली. आता खरं सांगितलं, तर सरांना तेच खोटं वाटणार होतं.