वीस किलो

"एकशे बत्तीस," नर्स केलेसीनं आकडा वाचला. "फिनाऊकाका, किती उतरवायचंय?"

"वीस. मेच्या आत."

केलेसीनं बोटांवर आठवडे मोजले. चौतीस भरले. "होईल. पण माझ्या पद्धतीनं हं! उपास नाही, गोळ्या नाहीत. आठवड्याला अर्धा-पाऊण किलो, बस. घाई केलीत तर अंगातली ताकद जाईल आणि पोट तिथल्या तिथे."

"घाई कुणाला आहे? विमान मेमध्येच आहे."

आता हे विमान म्हणजे काय, तर आठ खुर्च्यांचा डबा. पार उत्तरेच्या बेटावर फिनाऊची मुलगी सालोते दिली होती, आणि मेमध्ये तिच्या बाळाचा पहिला वाढदिवस. बोटीचा भरवसा नाही. आणि त्या विमानात चढायचं तर आधी मालाच्या काट्यावर उभं राहायचं, सगळ्यांदेखत. बाळाच्या बाप्तिस्म्याला त्याच काट्यानं फिनाऊची अशी काही लाज काढली होती की तो त्यावर अजून चकार शब्द काढत नव्हता.

पण गडी जिद्दीचा! नारळाच्या दुधात शिजलेलं मटण रविवारपुरतं ठेवलं. एरवी मासा, अळूची पानं आणि मुठीएवढा कंद. रोज सकाळी चर्चपासून धक्क्यापर्यंत चालायचं, परत यायचं. बायको, लूसेआने, मात्र वैतागली. ती सवयीनं ताट शिगोशीग भरायची, हा निम्मं जेवून उठायचा आणि उरलेलं फणसाखाली बांधलेल्या ठिपक्यांच्या पिल्लाला घालायचा.

"माझ्या हातचं डुकराला? अरे, लोक काय म्हणतील मला?"

"टाकून द्यायचं का मग?"

लोक म्हणायचे ते म्हणालेच. रविवारी भट्टीतलं जेवण पानांवर मांडलं की मेहुणा सामिऊ सुरू. "काय दाजी, आजारी का? की आमची ताई उपाशी ठेवते?"

"ताईला विचार," फिनाऊ हसायचा आणि पाणी प्यायचा.

डिसेंबरात एकशे तेवीस. केलेसीनं टाळी वाजवली. फेब्रुवारीत काटा तीन आठवडे हललाच नाही. दुसरा कुणी असता तर जेवणच सोडलं असतं. फिनाऊनं फक्त चालणं वाढवलं. एप्रिल संपता संपता सदरा असा लोंबायला लागला, की सामिऊनंही थट्टा सोडून दिली!

निघायच्या दिवशी केलेसी मुद्दाम विमानतळावर आली. फिनाऊ ताठ मानेनं काट्यावर चढला.

"एकशे बारा!" काट्यावरचा पोऱ्या ओरडला. केलेसीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"काका, जिंकलात! नातवासाठी अजून वीस वर्षं कमावलीत."

"ते आहेच," फिनाऊ खाली उतरत म्हणाला. "पण बाप्तिस्म्याला मी व्याह्यांच्या दारात हात हलवत गेलो होतो गं. पोरीनं मान वर केली नाही."

केलेसीला काही कळेना. फिनाऊनं फाटकाकडे हात केला. लूसेआने झावळ्यांची एक मोठी टोपली ओढत ओढत घेऊन आली. टोपली आतून हलत होती.

"सामानासकट एकशे बत्तीस हं, काका!" पोऱ्यानं बजावलं. "वर एक किलो चालायचा नाही."

"ठाऊक आहे. मागच्या खेपेला माझ्या एकट्यानंच काटा भरला, आजोळचा आहेर इथेच राहिला." फिनाऊनं टोपली छातीशी कवटाळली आणि पुन्हा काट्यावर चढला. आतून ठिपक्यांचं डुक्कर जोरात केकाटलं. काटा थरथरला, पुढे सरकला, आणि बरोब्बर एकशे बत्तीसवर थांबला.