मोटरीची गोधडी

“कोनाले पटनार नाही, पन आपल्या विहिरीवरच्या मोटरले हिव भरलं होतं!” जळालेली मोटर नांदुऱ्याच्या दुकानात उतरवता उतरवता महादेवराव रंगात आले. “लटलट कापून राह्यली होती बिचारी. मंग मी तिले गोधडी पांघरली.”

मोटरीचं वायंडिंग करणारा जाकीर पोट धरून हसला. “अन् वरून जळाली म्हणता! मागच्या पंख्याले हवा भेटली तरच मोटर थंडी राह्यते, काका. तुमी तर तिचा जीवच कोंडला.”

सोबत आलेला महादेवरावांचा धाकटा भाऊ सुखदेव मात्र हसला नाही. विहीर दोघांची, मोटर दोघांची, पाणी एक दिवसाआड पाळीनं. यंदा त्याच्या पाळीला विहीर कोरडीच निघायची, आणि बोंडांनी लगडलेली त्याची बीटी कपाशी डोळ्यांसमोर वाळून गेली. “झरेच आटले रे,” असं दादाच सांगायचा, आणि विहिरीशेजारच्या झोपडीत राहणाऱ्या सुखदेवला ते पटायचं.

 

“हिव मोटरले नोतं भरलं, दादा,” सुखदेव म्हणाला. “माह्या पाळीचं पानी वढतानी तिचा आवाज माह्या झोपडीत येऊ नये, म्हनून तुनं गोधडी टाकली.”