राहून गेलेली ओळ

चौकशीच्या खोलीतून दादा बाहेर आले तेव्हा त्यांच्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं. बाहेर बाकावर बसलेली ती उठून उभी राहिली.

“काढलं मला,” दादा म्हणाले आणि जिन्याकडे वळले.

रुग्णवाहिका केंद्राचं नेटवर्क दादांनी सव्वीस वर्षं सांभाळलं होतं. ती त्यांच्या हाताखाली कामाला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. तिचा स्वतःचा पासवर्डही अजून आला नव्हता. सगळं काम ती दादांच्या नावाने करायची.

काम तसं किरकोळ होतं. शहराच्या उत्तर भागातले फोन ज्या स्विचवरून, म्हणजे जोडणीच्या यंत्रावरून, केंद्रात येत, त्याला कम्युनिटी लिस्ट लावायची होती. येणाऱ्या प्रत्येक मार्गावर एक आकडा चिकटवलेला असतो. कुठल्या आकड्याला आत घ्यायचं आणि कुठल्याला दारातूनच वाटेला लावायचं, ते ही यादी ठरवते. चाचणीसाठी केलेले मार्ग तिला अडवायचे होते. ते तिने अडवले. पण ‘बाकी सगळ्यांना येऊ दे’ ही शेवटची ओळ लिहायची राहिली, आणि यादीने ज्याला ये म्हटलेलं नाही त्याला स्विच मुकाट्याने बाहेर ठेवतो. तिने यादी कागदावर छापून दादांना दाखवली होती. “चालव,” ते म्हणाले होते. भर दुपारी तिने ती चालवली.

सतरा मिनिटं उत्तर भागातला एकही फोन लागला नाही. तेवढ्या वेळात एका सुताराने नऊ वेळा नंबर फिरवला. शेवटी आईला शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून त्याने दवाखाना गाठला. म्हातारी वाचली, पण डावं अंग गेलं ते गेलंच.

नोंदीत नाव दादांचं होतं. “मीच केलं,” एवढंच त्यांनी सांगितलं. लोक म्हणाले, वयाने डोकं चालेनासं झालंय. तिने ते ऐकून घेतलं आणि आठ दिवस मूग गिळून बसली. घरी तिची आई म्हणाली, जेवत का नाहीस. तर डोकं दुखतंय म्हणाली. एकदा दवाखान्यातही जाऊन आली. दारातूनच तिला दिसलं: सुतार आईच्या डाव्या हाताची मिटलेली बोटं एकेक करून उघडत होता. ती आत न जाताच परतली.

आता मात्र तिला राहवेना. ती जिना धावत उतरली. दादा फाटकापाशी स्कूटर स्टँडवरून काढत होते.

“दादा, थांबा. मी वर जाऊन खरं काय ते सांगते. ओळ माझ्याकडून राहिली. मला वाचवायला तुम्ही कशाला...”

“तुला वाचवायला नाही गं.” दादांनी मान वर केली नाही. स्कूटर पुन्हा स्टँडला लावून ते सीटवर हात टेकून उभे राहिले. “ओळ राहिलीय ते मला कागदावरच दिसलं होतं. त्याच सकाळी साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, ही पोरगी तयार झाली की दादांना सुट्टी. म्हटलं, पडू दे एकदा तोंडघशी.”