बाहेरून घातलेली कडी

हेडफोन कानाला लावताच निवृत्त सुभेदार इंगवल्यांना दारावरचे ठोके ऐकू आले.

"काका, आत कुणी नाही ना?" मृण्मयीनं विचारलं. लष्कराच्या जुन्या डेपोचं आता कलाकेंद्र होणार होतं, आणि रिकाम्या गोदामांचे आवाज ती टिपत होती. चार नंबरच्या बंद दाराला तिनं नुकताच माईक लावला होता.

इंगवल्यांनी हेडफोन काढून तिच्या हातात दिला. "मी इथं ड्यूटीवर असताना आग लागली, तेव्हा दोन जवान आत होते," ते म्हणाले. "आग दारूगोळ्यापर्यंत जाऊ नये म्हणून हुकूम आला. बाहेरून कडी मीच घातली."

मग ते दाराकडे गेले. गंजलेली कडी दोन्ही हातांनी ओढून त्यांनी दार उघडलं. आत भर दुपारचं ऊन पडलं. गोदाम रिकामं होतं.

"या रे बाहेर," ते हलकेच म्हणाले.

त्यांच्या डाव्या खांद्याला घाईत असलेल्या कुणाचा तरी धक्का लागला. पाठोपाठ उजव्यालाही.