ताट वेगळं, प्रार्थना वेगळी

"माझा धक्का लागला, सर. चुकलं माझं," असं म्हणत मार्लन खाली बसला आणि खिशातल्या रुमालानं चर्चचे सेवक डीकन टिलमन यांचे पांढरे बूट पुसू लागला.

खाद्यमेळ्यातल्या कॅनडाच्या स्टॉलवरचं चीजचं सूप बुटांवरून ओघळत होतं. डीकन त्याच्या पाठीकडे बघत राहिले. बायकोच्या हातातला वाडगा कलंडला, तेव्हा या पोराचं कोपर तिच्यापासून चांगलं वीतभर लांब होतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांनी. मग न केलेला गुन्हा हा अंगावर कशाला घेतोय? जो सांडलेल्या सुपाबद्दल खोटं बोलतो, तो उद्या आपल्या पोरीशी कशाकशाबद्दल बोलेल?

"घरी जाताना मला उत्तर हवंय, डॅडी," जॉयलिननं सकाळी गाडीतच बजावलं होतं. "लग्नाला हो, नाहीतर नाही. दिवसभर तो तुमच्यासमोर आहे. घ्या पारखून."

तेच चाललं होतं. तळ्याच्या काठानं देशोदेशींचे स्टॉल, ऑक्टोबर असूनही टोपीखाली डोकं शिजवणारं फ्लॉरिडाचं ऊन, आणि चौघांच्या अंगात जॉयलिननं छापून आणलेले जांभळे टी-शर्ट: 'टिलमन परिवार'. मार्लनच्याही छातीवर तेच. होकाराचा पत्ता नाही, आणि गडी आमचं आडनाव अंगावर घालून मोकळा!

जर्मनीच्या स्टॉलवर डीकननी पुन्हा टोपी काढली. ताट वेगळं, प्रार्थना वेगळी, म्हणजे प्रत्येक स्टॉलवर नव्यानं प्रार्थना, हा त्यांचा नियम. कागदी ताटल्या हातात धरून सगळे उंच टेबलाभोवती उभे राहिले. डीकननी डोळे मिटले आणि शब्द गात गात चढत गेले, रविवारी चर्चमध्ये चढतात तसेच. मागच्या रांगेतली अनोळखी माणसंसुद्धा 'आमेन' म्हणू लागली. "आम्हा तिघांना आशीर्वाद दे, प्रभू, आणि या पाहुण्यालाही," त्यांनी शेवट केला.

'पाहुण्याला' ऐकून जॉयलिननं डोळे वटारले.

"अहो डीकन, देव काही बहिरा नाही," त्यांची बायको व्हर्डेल म्हणाली. "सॉसेज पार गार झालं."

"गार सॉसेज खाऊन कुणी नरकात जात नाही."

"गेलाच तर तिथे गरम मिळेल," मार्लन म्हणाला.

व्हर्डेल खळखळून हसली. डीकन हसले नाहीत.

"रविवारी कुठल्या चर्चमध्ये जातोस रे?"

"रविवारी गाडीवर असतो, सर. आजारी माणसांना दवाखान्यात नेतो, परत आणतो. प्रवचन रेडिओवर लावतो, तेही ऐकतात."

"रेडिओवर! बरंय. रेडिओतून दानाची थाळी काही बाहेर येत नाही."

"डॅडी!" जॉयलिन म्हणाली आणि स्टॉलागणिक शिक्का मारायच्या पुस्तिकेवर जर्मनीचा शिक्का जोरात आपटला.

मोरोक्कोच्या स्टॉलवर भाजलेलं मटण ओवलेल्या दोन-दोन काड्या मिळाल्या. 'आमेन' म्हणून डीकननी डोळे उघडले, तर मार्लन व्हर्डेलच्या ताटलीजवळून हात मागे घेत होता. चोरट्यासारखा. तिच्या ताटलीतलं उचलतो की काय? डीकननी काड्या पाहिल्या. दोन्ही जागच्या जागी होत्या. मग हात तिथे करत काय होता? देवासमोर डोळे मिटायच्या वेळी ज्याचा हात चालतो, त्या माणसाला घरात घ्यायचं?

जपानच्या स्टॉलवर भात आणि वर रस्सा होता. डीकननी टोपी छातीशी धरली, मान खाली घातली, सूर लावला. आणि चाळीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. प्रार्थना चालू असतानाच एक डोळा उघडला.

व्हर्डेलचा हात थरथरत होता. ताटली धरलेला हात, मनगटापासून बोटांपर्यंत, वाऱ्यातल्या पानासारखा. ताटलीच्या खाली मार्लनचा उघडा तळवा होता, तिच्या बोटांना न लागता, फक्त ताटलीला टेकलेला. रस्सा काठापर्यंत येई आणि मागे फिरे. व्हर्डेलचेही डोळे उघडे होते. ती मार्लनकडे बघून हळूच मान हलवत होती. सांगू नकोस.

डीकनचा सूर मध्येच तुटला.

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या इवल्याशा पेल्यांत द्राक्षरस ओतायचं काम तिनं दोन महिन्यांपूर्वी सोडलं होतं. तीस वर्षांत एक थेंब न सांडलेली बाई. "आता तरुण पोरींना करू दे," म्हणाली होती, आणि त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता "बरं" म्हटलं होतं.

मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या बाईनं हाक दिली, चर्चमध्ये प्रवचन सांगणारा अडखळला की देतात तशी: "सावकाश, भाऊ, सावकाश! देव थांबलाय!"

डीकननी टोपी टेबलावर ठेवली. मोकळा झालेला हात पुढे नेला आणि मार्लनच्या तळव्याखाली धरला. व्हर्डेल दचकली. मार्लन घाईघाईनं हात काढायला गेला.

"राहू दे," डीकन पुटपुटले.

जॉयलिन अजून डोळे मिटून 'आमेन'ची वाट बघत उभी होती. भात गार होत होता. डीकननी घसा खाकरला आणि प्रार्थना पहिल्यापासून सुरू केली, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

"हे प्रभू, आम्हा चौघांना..."