गोळ्या अजून विरघळल्या नाहीत

यातला शब्दन् शब्द खरा आहे, खोटं निघालं तर माझी कवळी चारचौघांत चहात पडो. वहिनीनं वोडकाची बाटली पिशवीच्या तळाशी घातली, वर पालेभाजीची जुडी टाकली आणि भर सकाळी गल्लीतल्या सगळ्यांशी हसत-बोलत ती घरी आणली. जन्मात तिनं खोकल्याच्या औषधापलीकडं काही चाखलं नव्हतं. दुकानदारानं विचारलं होतं, कोणासाठी हो, आजी? ती म्हणाली, लिमलेटच्या गोळ्यांसाठी. बिचाऱ्यानं पुढं काही विचारलंच नाही.

पाव किलो गोळ्या तिनं फडक्यात बांधून बत्त्यानं फोडल्या, काचेच्या मोठ्या बरणीत टाकल्या, वरून बाटली रिकामी केली आणि झाकण घट्ट लावलं. कृती तिच्या मैत्रिणीची, शिंपीणबाईंची. दोन दिवस अधूनमधून हलवायचं, गोळ्या विरघळल्या की पातळ फडक्यातून गाळायचं, झालं. बरणी टेबलावर ठेवून वहिनी तशीच दोन घरं पलीकडं दिराकडं गेली.

दिराला सगळे पाकवाले म्हणायचे. गोळ्यांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं साखरेच्या कढईवर उभे होते ते. चार महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली आणि हा माणूस खुर्चीत बसला तो बसलाच. दाढी वाढली, दाराशी वर्तमानपत्रं साठली. वहिनी रोज डबा नेऊन ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ तसाच परत आणायची. काल तर त्यांनी शांतपणे सांगितलं होतं, की वहिनी, आता डबाही नको. भांडून म्हणाले असते तर तिला काही वाटलं नसतं. तो शांत सूर ऐकून तिच्या पायाखालची जमीन सरकली होती.

आज तिनं दारातूनच सुरू केलं. खांदा धरलाय, हात वर जात नाही, घरात एक बरणी भरून ठेवलीय, सर्दीवर चांगली असते म्हणे, ती रोज सकाळी दहाला कुणीतरी हलवायला पाहिजे, नाहीतर सगळं फुकट जाईल. पाकवाल्यांनी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, महिना तरी, गोळ्या विरघळेपर्यंत. छत्तीस वर्षं साखर उकळलेल्या माणसाला हे सांगताना तिची जीभ जराशी अडखळली. पण ते जमिनीकडं बघतच बरं म्हणाले. दुःखात माणसाचं डोकं चालत नाही, असं तिनं धरलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी दहाला ते आले. अंगात चुरगळलेला शर्ट, पायात दोन जोडांतल्या दोन चपला. बरणी उचलली, खिडकीशी धरली, पन्नास वेळा हलवली. समोर ठेवलेल्यातले दोन घास खाल्ले आणि गेले.

दोन दिवसांत गोळ्या विरघळल्या. विरघळणारच. मग ते गेले रे गेले की वहिनी मूठभर नव्या टाकायला लागली. रोज. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या लिमलेट संपल्या, मग पलीकडच्या दुकानातल्या. मुंग्या तर इतक्या लागल्या की त्यांची रांग टेबलावरून निघून जिन्यापर्यंत गेली, आणि मागच्या मुंग्या कंटाळून पायरीवर बसल्या होत्या.

दहाव्या दिवशी पाकवाले दाढी करून आले. बाराव्या दिवशी बरणी हलवता हलवता थांबले आणि पहिल्यांदाच बायकोबद्दल बोलले. ते कामावरून आले की ती दारातच त्यांच्या शर्टाचा वास घ्यायची आणि सांगायची, आज संत्रं, आज पेपरमिंट. कधी म्हणून चुकली नाही. एकदा दांडी मारून ते सिनेमाला गेले, तर त्या दिवशी म्हणाली, आज खारे शेंगदाणे. वहिनी त्यांच्याकडं पाठ करून भांडी घासत राहिली. भांडी आधीच घासलेली होती.

सत्ताविसाव्या दिवशी त्यांनी बरणी उजेडात धरली. तळाशी गोळ्यांचा जाड थर बसला होता. त्यांनी ती तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी केली.

"वहिनी, आता नव्या टाकू नका," ते म्हणाले. "दारूचं पोट भरलंय. आता खरंच नाही विरघळायच्या."

वहिनीच्या हातातला कप हातातच राहिला. मग तिनं विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"तुम्ही महिना म्हणालात तेव्हापासून. आणि तो खांदा उजवा की डावा, ते एकदा ठरवून टाका."

तिनं कप खाली ठेवला. आता यांना यायला निमित्त उरलं नाही, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. पाकवाल्यांनी बूट घातले, नाड्या बांधल्या आणि खुंटीवरची पिशवी काढली.

"अजून एक बाटली ओतली की परत जागा होईल," ते म्हणाले. "महिना तरी निघेल. मी घेऊन येतो."

आणि ते घराच्या दिशेनं न वळता बाजाराच्या दिशेनं वळले, पाच महिन्यांत पहिल्यांदा.

तो महिना संपल्यावर दोघांनी ते सगळं रीतसर फडक्यातून गाळलं, दोन लहान पेले भरले आणि एकेक घोट घेतला. ते इतकं गोड झालं होतं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोघांचे ओठ सुटले नाहीत.

बरं, बाकी सगळं खरं, पण हे गाळण्याचं तेवढं मी पदरचं घातलं. गोष्टीला शेवट लागतो म्हणून. सहा वर्षं झाली, ती बरणी अजून कुणी गाळलेली नाही.