बेटावरची सोयरीक

“बेटावर पोरगी द्यायची नाय,” पनवेलच्या मासळीबाजारात ठमाबाईंनी लेकीला मागणी घालणाऱ्या शैलेशला पुन्हा तेच सुनावलं. त्यांची बहीण त्याच्याच बेटावर दिली होती. बाळंतपणात अडली, वादळात होडी निघाली नाही आणि ती गेली. शैलेश आज मात्र हसत होता. “काकी, काल विधिमंडळात बेटांसाठी कायदा झाला. पक्का धक्का, वादळात निवारा, दवाखाना, आजाऱ्यांसाठी बोट, सगळं सरकारला द्यावंच लागनार.” “कायदा झाला, बरं झालं. पन त्या दवाखान्यात बसनार कोन?” “मी,” मागून त्यांची लेक किशोरी म्हणाली. ती खारघरला नर्स होती. “जागा निघाली की पहिला अर्ज माझा. मावशीसारखं पुन्हा कुणाचं होऊ द्यायचं नाय, आई.” ठमाबाईंनी ओले हात पदराला पुसून नवऱ्याला फोन लावला, “अवो, भात जास्त टाका. जावई जेवाला येतोय.”